जोड लागेपर्यंत

बाईंसमोर नुसतं ‘शेवाळ’ म्हटलेलं चालायचं नाही.

“दारात कोण आलंय असं विचारलं तर ‘माणूस आलाय’ म्हणून सांगतेस का गो?” त्या म्हणायच्या. “नाव सांगतेस. नाव ठाऊक नसलं तर निदान आडनाव. मग ह्यांनीच काय घोडं मारलंय?”

‘ह्यांनी’ म्हणजे विहिरीच्या पायरीवर, भाताच्या खाचरात, म्हशींच्या टाकीत आणि गळक्या नळाखाली राहणाऱ्या समस्त हिरव्या मंडळींनी. बाईंचं सगळं आयुष्य या मंडळींना ओळखण्यात गेलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. घर बघायला गेल्या तेव्हा त्यांनी मालकाला भाडं विचारायच्या आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. उत्तरेला निघाली, तेव्हाच आत पाऊल टाकलं. उत्तरेचा उजेड सौम्य असतो, बाटल्यांतलं पाणी तापत नाही. त्या खिडकीत लोणच्याच्या, जामच्या, मधाच्या रिकाम्या बरण्या दाटीवाटीनं उभ्या असायच्या. प्रत्येकीत थोडं पाणी, थोडं हिरवं. बाईंच्या हातचा चहा चांगला असे, पण येणारा प्रत्येक माणूस पहिला घोट घेण्याआधी कपात वाकून बघे. मीही बघायची.

मी पेणची. वडील गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. मी संघटनेत काम करते आणि पत्रकं लिहिते. एका पानात वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे, ते पत्रक. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘काही अंशी’ हे शब्द पत्रकात शिरले की पत्रक मेलं. असं मी शिकले आणि अजूनही मानते. आणि जाऊन पडले ती नेमकी अशा बाईंच्या दारात, ज्यांचं निम्मं बोलणं ‘बहुधा’नं सुरू व्हायचं.

पहिल्यांदा गेले ती एका नाल्यातलं हिरवंगार पाणी बाटलीत भरून. मोर्चा ठरलेला होता. मला एक वाक्य हवं होतं. हे शेवाळ घाणीवरच वाढतं, एवढंच, पण शिकलेल्या माणसाच्या नावानिशी. बाईंनी बाटली उजेडात धरली, हळूच फिरवली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला रागच आला.

“केवढी गर्दी आहे बघ,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे घाण आहे ना?”

“गर्दी आहे म्हटलं मी. जत्रेला घाण म्हणतेस काय?”

पत्रक त्यांच्या वाक्याविना निघालं. मोर्चा झाला, लोक घरी गेले, झेंडे गुंडाळून ठेवले आणि मग बाईंचा फोन आला. “तुझ्या बाटलीतल्या दोघांबद्दल माझी खात्री झाली. बाकीच्यांचं चाललंय अजून.”

“बाई, मोर्चा होऊन गेला.”

“असं? बरा झाला का?”

मी फोन ठेवला आणि पुढच्या आठवड्यात एसटीनं परत रोह्याला गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. आमच्या सगळ्या सभांतून, बैठकांतून, घोषणांतून मला कधीच न भेटलेली एक गोष्ट त्या खोलीत होती. तिथं कुणाला घाई नव्हती आणि तरीही काम चाललेलं होतं.

बाईंबरोबर रस्त्यानं चालणं ही शिक्षा होती. त्या कुठंही थांबायच्या. रोह्याच्या बाजारात भर गर्दीत, पंचायतीच्या गळक्या टाकीखाली, पिशवीतून जुना दातांचा ब्रश काढून भिंत घासायच्या आणि घासलेलं बरणीत उतरवायच्या. लोक म्हणत, म्हातारी साफसफाई करते, पगार कोण देतंय? जुन्या नायलॉनच्या साडीची झोळी शिवलेली होती, ती पाण्यातून ओढायच्या. पाण्यात वाढणाऱ्या झाडोऱ्याची मूठ उपटून, खोबऱ्याचं दूध काढावं तशी पिळायच्या. म्हणायच्या, खरी माणसं ह्या रसात असतात. आणि मग भिंगाखाली तो रस दाखवायच्या. मी सभांतून पुष्कळ बोलले आहे, पण तिथं बघितलेल्या गोष्टींना माझ्याकडं शब्द नव्हते. मधोमध दुमडून दोन्ही अर्धे अगदी सारखे कापावेत तशा हिरव्या नक्ष्या. टोकदार चंद्रकोरी. गरगर फिरत जाणारे पोकळ गोळे आणि त्यांच्या पोटात त्यांचीच पिल्लं. कोळ्याच्या जाळ्यापेक्षा नीट विणलेली जाळी, जिच्या डोळ्याची एकेक बाजू म्हणजे एकेक जिवंत पेशी.

भिंगाआधी बोटं, हा बाईंचा नियम. चिमूट दोन बोटांत चोळायची. रिठ्यासारखी बुळबुळीत लागली तर एक घराणं, ओल्या लोकरीसारखी खरबरीत लागली तर दुसरं. एक जात चुरगळली की लसणाचा वास यायचा. एसटीत माझ्या शेजारी बसून त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली होती आणि पुढच्या सीटवरच्या काकांनी मागं वळून “चटणी हाय काय?” असं विचारलं होतं. बाईंनी त्यांनाही हुंगायला दिली.

पण सगळ्यांचं नाव बोटांनी किंवा भिंगानं लागत नाही. स्पायरोगायराचं तर नाहीच. नावाला लांबलचक, दिसायला साधा: हिरव्या केसांसारखे तंतू, आत फिरकी घेतलेल्या पट्ट्या. आपल्या प्रत्येक डबक्यात कुणी ना कुणी स्पायरोगायरा असतो. त्याच्या जाती भरपूर आणि एरवी त्या एकमेकींसारख्याच दिसतात. पाणी आटायला लागलं, दिवस वाईट आले, की दोन तंतू शेजारी येतात, त्यांच्यात शिडीच्या पायऱ्यांसारख्या नळ्या तयार होतात, एकातला जीव दुसऱ्यात जातो आणि तिथं एक जाड भिंतीचा बीजाणू धरतो. त्या बीजाणूच्या भिंतीवर जातीची खूण असते. तो धरेपर्यंत नाव नाही. बाई याला ‘जोड लागणं’ म्हणायच्या आणि जोड लागेपर्यंत त्यांच्या तोंडून नाव काढणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, तळ्यावर धुणं धुणाऱ्या मावशी म्हणायच्या, “सोताचं लगीन केलं नाय, नि शेवाळाच्या लग्नाची वाट बगत बसल्यात.”

“माझ्यापेक्षा त्यांचं स्थळ लवकर जमेल गो,” बाई म्हणायच्या.

हे तळं गावाच्या मागच्या अंगाला होतं. मोठं नाही. एका बाजूला दगडी पायऱ्या, बाकी काठ मातीचा, कमळाची पानं, पावसाळ्यात तुडुंब आणि उन्हाळ्यात गुडघाभर. बाई त्या तळ्यावर वर्षानुवर्षं जात होत्या आणि तिथल्या एका स्पायरोगायराचं नाव त्यांना लागलं नव्हतं. रुंद पेशी, आडव्या भिंतींना दुमड. जोड लागलेला तो त्यांना कधी सापडलाच नव्हता; दर उन्हाळ्यात त्या शोधायच्या आणि दर उन्हाळ्यात म्हणायच्या, यंदा चुकला.

आणि मग तळ्याचं सुशोभीकरण आलं.

सुशोभीकरण. हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भर सभेत उभं करून मला विचारायचंय. जिवंत गोष्टीला काँक्रीटची चौकट घालायची, काठाची माती उचलायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे, मधे कारंजं, भोवती रंगीत दिवे आणि उद्घाटनाची पाटी. याला शोभा म्हणतात. तळ्याचा तळ खरवडून फरशी घालणार होते, म्हणे पाणी हिरवं दिसता कामा नये.

आम्ही विरोधात उतरलो. पत्रक मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. ग्रामसभेला बाई स्वतः आल्या. भाषण करणार नाही म्हणाल्या. शाळेच्या अंगणात टेबल मांडलं, सूक्ष्मदर्शक ठेवला, आरशात ऊन पकडलं आणि लोकांना म्हणाल्या, या, बघा. लोक रांगेत उभे राहिले. धाटावच्या कारखान्यांतली पहिली शिफ्ट करून आलेले गणवेशातले पुरुष, पोरं काखेत घेतलेल्या बायका, म्हातारे. मावशींनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाल्या, “अगो, ही तर चंद्रकोर. ही आमच्या तळ्यात हाय?” सरपंच सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिले. वर झाले ते हसून. “फार सुंदर आहे, मॅडम. आपण याचाच मोठा फोटो करून कारंज्याच्या बाजूला लावू.”

मग मतदान. हात वर झाले. कारंज्यासाठी.

मावशींचाही झाला. मी त्यांच्याकडं असं बघितलं असेल की त्याच माझ्याजवळ आल्या. “तुझ्या बाईंचं खरं हाय. पन त्या पायरीवरनं पाय घसरला का कंबरडं माझं मोडतं, शेवाळाचं नाय. नि आमच्या पोरांना संध्याकाळचं बसायला जागा नको?”

उत्तर माझ्यापाशी होतं. पायऱ्यांना कठडा लावा, एका बाजूला बाकडी टाका, तळाला हात लावू नका. हे सगळं माझ्या पत्रकात होतं. पत्रकाची त्यांनी चुंबळ केली होती.

आम्ही प्रांत ऑफिसात हरकत घेतली. तोवर एका बाजूची भिंत ओतून झाली होती, पण तळ अजून शाबूत होता. आमचं काम बघणारे वकील म्हणाले, नुसतं ‘शेवाळाचे खूप प्रकार’ याला कोण विचारतो? इथं दुर्मीळ जात आहे असं तज्ज्ञाचं एक वाक्य आणा, काम थांबवता येईल. मी थेट बाईंकडं गेले.

“तुमचा तो बिननावाचा. तो दुर्मीळ आहे म्हणून लिहून द्या.”

“दुर्मीळ आहे की नाही ते नाव लागल्यावर कळणार.”

“मग ‘असण्याची शक्यता’ लिहा. तुम्हाला आवडतो ना तो शब्द.”

“शक्यता कुणाचीही असते गो. तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचीही आहे, मंत्री होण्याची.”

“तळं जाईल बाई.”

“जाईल,” त्या म्हणाल्या आणि खिडकीतली बरणी किंचित फिरवली, उजेड दुसऱ्या बाजूनं पडेल अशी. मला तेव्हा वाटलं, या बाईला तळ्याचं काही नाही. फार दिवसांनी समजलं, ज्यांच्या घरात दुसरं माणूस नाही, त्यांनी त्या तळ्यावर किती संध्याकाळी घालवल्या असतील. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या, एवढंच.

त्याच दिवसांत त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. भाची नाशिकला असते, ती न्यायला आली. बाईंनी कपड्यांच्या आधी बरण्यांची सोय लावली. बिननावाच्याची बरणी आणि सूक्ष्मदर्शक माझ्या हवाली केला. “पाणी बदलू नको. आटू दे हळूहळू. ऊन थोडं जास्त दे. त्याला वाटलं पाहिजे की आता काही खरं नाही.”

“आणि जोड लागली तर?”

“तर तू बघ. मला पुढचे काही दिवस भिंगाला डोळा लावायचा नाही.”

अशी ती बरणी पेणला आली आणि कारखान्यात, पांढऱ्या मूर्तींच्या रांगेत फळीवर बसली. वडील म्हणाले, “माझ्या गणपतीवर हे हिरवं चढलं तर तुला नि बरणीला दोघींना बाहेर काढीन.” पण कौलातला उजेड सरकेल तशी तेच बरणी सरकवून ठेवायचे. मी रोज एक तंतू काचेवर घेऊन बघायची. काही नाही. काही नाही. पाणी उतरत गेलं, हिरवा रंग पिवळट झाला, मी म्हटलं मेलं. आणि एका सकाळी शिड्या दिसल्या. एकामागून एक पायऱ्या आणि पायऱ्यांच्या एका बाजूला भरलेल्या, दुसऱ्या बाजूला रिकाम्या पेशी. भरल्या पेशींत अंड्यासारखे बीजाणू.

मी नाशिकला फोन लावला. बाई एवढंच म्हणाल्या, “थांब, खुर्ची घेते.” मग एकेक विचारत गेल्या. आकार कसा? टोकं गोल की निमुळती? जोड दोन तंतूंत की एकाच तंतूच्या शेजारच्या पेशींत? मी बघून सांगत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, “आता बीजाणूची मधली भिंत. रंग?”

“तपकिरी. पिवळट तपकिरी.”

“गुळगुळीत आहे की खळगे आहेत?”

इथं मी थांबले. तोपर्यंत बाईंचं जाती ओळखायचं पुस्तक मीही चाळलं होतं. गुळगुळीत म्हणजे घरोघरची जात. खळगे म्हणजे आपल्याकडं फार कमी जागी सापडलेली, वकिलांना हवी होती तशी. बाईंच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्या नाशिकला होत्या. मी जे बोलणार त्यालाच त्या नाव देणार होत्या. प्रांत ऑफिसातली तारीख दोन दिवसांवर होती. माझ्या एका शब्दावर तळं उभं होतं आणि असे शब्द मी आयुष्यभर लिहीत आले आहे.

“दिसत नसेल तर प्रकाश कमी कर, मग दिसेल,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, मला दिसत नाहीये.

मी प्रकाश कमी केला. परत बघितलं. ती भिंत काचेसारखी होती.

“गुळगुळीत,” मी म्हणाले.

बाईंनी सावकाश नाव सांगितलं. दोन शब्द. स्पेलिंगसकट. त्यांच्या आवाजात मी तो आनंद ऐकला जो आमच्या कुठल्याच जिंकलेल्या मोर्च्यानंतर मी ऐकलेला नाही.

“साधाच निघाला की बाई.”

“साधा काय? कालपर्यंत त्याला नाव नव्हतं.” मग म्हणाल्या, “आता हरकतीचं काय करणार तुम्ही?”

“जे आहे ते सांगणार.”

“टिकणार नाही ना?”

“नाही.”

नाही टिकली. तळ्याला आता निळी फरशी आहे. बाकड्यांवर संध्याकाळी माणसं बसतात, हे मी नाकारत नाही. पाण्यात पावडर टाकतात. कारंजं सणासुदीला सुरू असतं.

बाई परत आल्या नाहीत. भाचीनं ठेवून घेतलं, मग छातीचं दुखणं निघालं आणि त्यात त्या गेल्या. पण त्याआधी त्यांचा एकदा फोन आला होता. बीजाणू बरणीत ठेवू नको म्हणाल्या. ते गाळात पडून राहतात, पाण्याची वाट बघत. “कुठंतरी सोड. पण अशी जागा बघ जिथं कुणी सुशोभित करायला येणार नाही.”

पेण ते रोहा मी अशी जागा शोधत फिरले. देवळाचं टाकं, फरशी मंजूर. गावतळी, एकेकाचं अंदाजपत्रक तयार. शेवटी पेणच्या बाहेर, हायवे रुंद करायला माती काढून सोडून दिलेला एक खड्डा सापडला. पाणी साचलेलं, कडेला लव्हाळा उगवलेला. मी शाळेत होते तेव्हापासून तो रस्ता रुंद होतो आहे. मी गाळासकट बरणी तिथं रिकामी केली आणि बाईंना कळवलं.

“रस्ता पुरा झाला की खड्डा बुजवतील ना?” त्यांनी विचारलं.

“पुरा झाला की.”

त्या हसल्या. इतक्या की भाचीनं फोन काढून घेतला. ते आमचं शेवटचं बोलणं.

अजून कुठंही हिरवं दिसलं की मी बोटांत चोळते. आडनावापर्यंत पोचते. पुढचं विचारायला कुणी नाही. रोह्याच्या एसटीत बसले की वाटतं, उतरावं, उत्तरेच्या खिडकीसमोर जाऊन उभं राहावं, आतून कुणीतरी कपाळाला आठ्या घालून विचारावं, आज काय आणलंस. त्या खिडकीत आता पडदा आहे.

यंदा संघटनेनं हायवेचा प्रश्न हाती घेतला. घ्यायलाच हवा होता, माणसं मरतात त्या रस्त्यावर. पत्रक माझ्याकडं आलं. मी लिहिलं, जळजळीत लिहिलं. रस्ता पूर्ण करा, खड्डे बुजवा, जबाबदारी ठरवा. आणि खाली आणखी एक मागणी लिहिली: पेणजवळच्या रस्त्याकडेच्या पाणथळ खड्ड्यात भराव घालू नये.

आमच्यातला एकजण धाटावला शिफ्टमध्ये आहे, त्याला सगळे दादा म्हणतात. त्यानं मसुदा वाचला आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

“खड्डे बुजवा म्हणून आपण बोंब मारायची, नि ह्या एकाला सूट? कोन ऱ्हातंय तिथं?”

मी नाव सांगितलं. बाईंनी सांगितलं होतं तसं, सावकाश, दोन्ही शब्द.

दादानं डोकं खाजवलं. “हे आपल्यातलं कोन नाय वाटत.”

“आपल्यातलंच आहे,” मी म्हणाले आणि मागणी तशीच ठेवून पत्रक छापायला दिलं.